पृथ्वीला दिवस गेले होते

बसचा शेवटचा थांबा सोडून पुढे दहा मिनिटं चाललं की पत्र्याच्या छताची एक लांबलचक कोठी लागायची. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, खताची नाहीतर सिमेंटची असेल. आत दगड होते. भूगर्भ खात्याची माणसं जिथे जिथे जमिनीला खोल भोक पाडत, तिथून निघालेल्या दगडाच्या गोल कांड्या लाकडी पेट्यांत एकीशेजारी एक लावून इथे ठेवलेल्या असत. कांडी मनगटाएवढी जाड. एका पेटीत पाच मीटर जमीन मावायची. अशा पेट्या अठरा हजारांवर होत्या, आणि कुठली पेटी कुठल्या फळीवर आहे हे रजिस्टर न उघडता सांगणारा माणूस एकच होता, तो म्हणजे कोठीचा रखवालदार. त्यांना सगळे कांडीमामा म्हणत.

मामांचं शिक्षण म्हणाल तर शाळेपुरतं. पण एकतीस वर्षं दगड उचलून ठेवता ठेवता माणूस काहीतरी शिकतोच. कोरडी कांडी दिसायला राखाडी, निर्जीव; तिच्यावर पाणी शिंपडलं की रंग वर येतात, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं. पुढे कुठल्या रंगाचा अर्थ काय तेही कळत गेलं. हा किनारा होता, ही दलदल, इथे समुद्र आत आला होता, इथून मागे गेला. पायाखालची जमीन सरकली की लोक हवालदिल होतात. मामांच्या हाताखालून ती रोज सरकायची, पेटीपेटीनं, आणि पाच वाजले की ते हात धुऊन घरी जायचे.

मामा देवभीरू होते. वडील चर्चची घंटा वाजवायचे, आजोबांनी तिथल्या बाकांना रंधा मारलेला. मामा स्वतः मंडळीच्या पंचांपैकी एक होते आणि उपासनेनंतर मागच्या खोलीत मुलांची रविवारची शाळा घ्यायचे. देवानं सहा दिवसांत आकाश, जमीन, समुद्र, झाडं, जनावरं आणि माणूस घडवला आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, हा पवित्र शास्त्राचा पहिला धडा त्यांना दुधाचे दात पडायच्या आधी पाठ होता. वंशावळीतल्या माणसांची वयं मिळवत गेलं की जगाचं वय साधारण सहा हजार वर्षं निघतं, हेही वडिलांनी बोटांच्या पेरांवर मोजून दाखवलेलं.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी कोठीत एका आटलेल्या तळ्याखालच्या चिकणमातीच्या कांड्या आल्या. खात्यात नव्यानं लागलेल्या भूगर्भतज्ज्ञ बाईंनी मामांच्या हातात एक भिंग आणि टाचण्यांचा डबा ठेवला.

"उन्हाळ्यात तळ्यात भरड, फिकट गाळ बसतो. हिवाळ्यात बारीक, काळपट. एक फिकट आणि एक काळी रेघ, ही जोडी म्हणजे एक वर्ष. मोजा. दर शंभराला एक टाचणी टोचा."

मामा मोजायला बसले. महिनाभर मोजत होते. सात मीटर संपायच्या आत सहा हजार ओलांडले. त्यांनी टाचणी टोचली, भिंग पुसलं, मागच्या पाचशे रेघा पुन्हा मोजून पाहिल्या. चूक नव्हती. खाली अजून पाच मीटर माती शिल्लक होती, आणि त्या मातीखाली चारशे मीटर दगड.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नुसता पाव कुरतडला. बायको इस्पितळात प्रसूतीच्या वॉर्डात सुईण होती. रविवारच्या शाळेतली मुलं त्यांना मामी म्हणत. मामींनी दोन दिवस वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "काय झालंय?"

"काही नाही."

"काही न झालेला माणूस उंदरासारखा पाव खात नाही. बोला."

मग मामा बोलले. "धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालंय बघ. मातीला खोटं म्हणावं तर ती मी माझ्या हातानं मोजलीय. शास्त्राला खोटं म्हणावं तर जीभ उचलत नाही."

मामी बारा तास उभं राहून आल्या होत्या. पाय चोळत चोळत त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अहो, बाईला दिवस गेले म्हणतो आपण. ते किती दिवस असतात?"

"नऊ महिने."

"मग पृथ्वीला सहा दिवस गेले, यात एवढा धसका घेण्यासारखं काय आहे? देवाच्या घरचे दिवस ते. भरायला लागायचा तेवढा वेळ लागला असेल. आम्हीसुद्धा उगाच घाई करत नाही."

मामांना हसू आलं. देवाधर्माच्या गोष्टीत हसायची त्यांना सवय नव्हती, पण आलं. आणि मग भूक लागली.

प्रश्न काही एका संध्याकाळात मिटला नाही. पुढची कित्येक वर्षं तो त्या घरात चहाबरोबर असायचा. मामांनी आधी प्रत्येक थर एकेका दिवसाला जोडून पाहिला. कोळसा झाडांच्या दिवसाला, मासे माशांच्या. काही जुळायचं, काही हट्टानं जुळायचं नाही. शास्त्रात झाडं सूर्याच्या आधीची. पाखरं सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आधीची, आणि दगडात नेमकं उलटं. खात्यातल्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मामा, ओढूनताणून जुळवू नका. पांघरूण आखूड असलं की डोकं झाकावं तर पाय उघडे पडतात." मामांनी हे घरी सांगितलं तेव्हा मामींनी जे उत्तर दिलं, त्यावर मामा पुढे कायमचे टेकले.

"बाळ झालं की बाहेर उभी असलेली माणसं काय विचारतात? 'चांगलं आहे ना?' एवढंच. बाळ कुणाचं ते त्यांना ठाऊकच असतं. किती तास लागले, कळा कधी सुरू झाल्या, ते आम्ही आत कागदावर लिहितो. ते कुणी वाचायला मागत नाही, पण ते खोटं नसतं. तो पहिला अध्याय बाहेर उभ्या असलेल्यांसाठी आहे. कुणाचं आहे, आणि चांगलं आहे. तास तुमच्या कोठीत लिहिलेत. कागद दोन असले तरी बाळ एकच आहे ना?"

एकदा मामी रविवारच्या शाळेत आल्या आणि त्यांनी मुलांना हे सगळं आपल्या भाषेत सांगून टाकलं. पृथ्वीला दिवस गेले होते म्हटल्यावर मोठ्या मुली खुदखुदल्या. दोन-तीन आयांनी नाकं मुरडली. चर्चचे धर्मगुरू, जुने पाळक, म्हातारे आणि समजूतदार होते; त्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं.

मग मामी गेल्या. कामाची पाळी संपवून इस्पितळाच्या कपडे बदलायच्या खोलीत बूट काढायला वाकल्या त्या वाकल्याच. डोक्यात रक्तस्राव. तीन दिवस आपल्याच इस्पितळात, दोन मजले वर, नळ्या लावून होत्या. चौथ्या दिवशी सकाळी मामा तोंड धुऊन आले तेव्हा नर्स नळ्या काढत होती.

मामांना रडू आलं नाही. दफनाच्या वेळी लोक त्यांच्याकडे बघत होते, आता येईल, मग येईल म्हणून. त्यांची मुलगी इतकी रडली की तिला दोघींनी धरलं. मामा पेटी खाली जाताना दोऱ्या सारख्या सुटतायत की नाही ते बघत होते. डावीकडचा माणूस घाई करत होता. त्यांनी त्याला हातानं खूण केली, सावकाश. नंतर कुणीतरी म्हणालंच, "दगडांत राहून माणूसही दगड झाला." मामांच्या कानावर ते आलं. वाईट वाटायला हवं होतं.

दाताचा डॉक्टर सुई टोचतो आणि गाल आपला राहत नाही, तसं त्यांचं झालं होतं. गाल जागेवर असतो, आरशात दिसतो, चावला गेला तर रक्तही येतं. फक्त कळत नाही. आठवड्यानं मामींच्या चपला चांभाराकडून नव्या तळव्यासह तयार होऊन आल्या. मामांनी घेतल्या, शिवण नीट आहे का पाहिली, कपाटात ठेवल्या. कोठी सुटली नाही, चर्च सुटलं नाही, मुलांची शाळाही सुटली नाही. मुलगी दुसऱ्या शहरात औषधांच्या दुकानात कामाला होती. ती दर बुधवारी संध्याकाळी फोन करी. "जेवलात का बाबा?" "हो." "काय?" "अंडी." असे अकरा महिने गेले.

त्या अकरा महिन्यांत जुने पाळक निवृत्त झाले आणि नवे आले. वयानं तिशीचे, आवाज खणखणीत, घरोघरी जाणारे. त्यांच्याबद्दल वाईट बोलायला जागा नव्हती. आजारी माणसाच्या उशाशी तासन्‌तास बसायचे. पण एका बाबतीत त्यांचं म्हणणं पक्कं होतं. शास्त्रात दिवस लिहिलंय म्हणजे दिवस. चोवीस तासांचा. पूर्वी नाक मुरडलेल्यांपैकी एका आईनं त्यांच्याकडे तक्रार नेली, की रविवारच्या शाळेत मामा मुलांना शिंपला रुतलेली दगडाची कांडी दाखवून दहा कोटी वर्षांच्या गोष्टी सांगतात, आणि पूर्वी तर याहून भलतंच सांगितलेलं आहे.

पाळकांनी एक कागद तयार केला. शाळेत शिकवणाऱ्या प्रत्येकानं त्यावर सही करायची. देवानं जग चोवीस तासांच्या सहा दिवसांत घडवलं, त्याला काही हजार वर्षंच झाली, याविरुद्ध शिकवणं चूक आहे, असं त्यात होतं. उपासनेनंतर पंचांच्या खोलीत सगळे जमले. चार जणांनी सह्या केल्या. मग कागद मामांसमोर आला. पाळकांनी रात्र जागून मुद्दे काढले असावेत. हाताशी टिपणांचे तीन कागद होते.

मामांनी पेन घेतलं. चाललं नाही. झटकलं, तळहातावर ओढून पाहिलं, मग सही केली.

पाळक गोंधळले. "मामा, तुम्हाला काही विचारायचं नाही?"

"नाही."

"म्हणजे तुम्हाला हे पटलं?"

"सही झाली ना?" मामा म्हणाले आणि पेनाचं टोपण शोधू लागले. ते टेबलाखाली गेलं होतं.

बुधवारी मुलीचा फोन आला तेव्हा मामांनी आठवड्याभरातल्या गोष्टी सांगितल्या. गॅस बदलला. मोरीचा नळ गळतोय. पाळकांच्या कागदावर सही केली.

"कसला कागद?"

मामांनी सांगितलं. मग ती म्हणाली, "बाबा, मी लहान असल्यापासून तुम्ही दोघं दुसरं काय बोलत होतात घरात? तुम्ही आणि आई?"

"हेच."

"मग?"

"ती नाही ना आता."

मुलीनं फोन ठेवला. मामांनीही ठेवला आणि नळाखाली वाटी सरकवली.

रविवारी शाळेत आठ मुलं होती. पाळकांनी नवी छापील पुस्तिका दिली होती. मामांनी ती उघडून पहिला धडा वाचायला सुरुवात केली. सुताराची नऊ वर्षांची मुलगी पुढच्या बाकावर बसायची. शेंबडी, हजरजबाबी. तिनं हात वर केला.

"मामा, मामींनी सांगितलं होतं, पृथ्वीला दिवस गेले होते. मग बाळासारखी ती हळूहळू झाली. यात तर तसं नाही."

"यात तसं नाही," मामा म्हणाले.

"मग मामींचं खोटं होतं?"

हो म्हटलं की धडा पुढे गेला असता. पुस्तिकेत असल्या प्रश्नांसाठी उत्तरही छापलेलं होतं, जाड अक्षरात. मामांनी ते मनात वाचलं. तोंड उघडलं. बंद केलं.

"कुणी म्हटलं खोटं होतं?" त्यांनी विचारलं.

"यातच लिहिलंय. याविरुद्ध सांगणारे चुकीचं सांगतात. तुम्ही वाचलंत आत्ता."

"मी वाचलं," मामा म्हणाले. "मीच वाचलं." मग त्यांनी पुस्तिका मिटली आणि मुलांना अर्धा तास आधी सोडलं. मुलं ओरडत बाहेर पळाली. मामांनी बाक सरळ केले. छातीत काही झालं का, याचा त्यांनी अंदाज घेतला, खिशात किल्ली आहे का चाचपावं तसा. काही झालं नव्हतं. पण प्रश्न होता तिथेच उभा होता, आणि त्याला उत्तर एकच होतं, आणि ते सही केलेल्या कागदावर नव्हतं.

कोठीत एक नियम होता. पेटीवरची चिठ्ठी चुकलेली आढळली, मग ती कुणीही लिहिलेली असो, तर ती खरवडायची नाही, फाडायची नाही, वर पांढरा रंग फासायचा नाही. चुकीच्या मजकुरावर एकच आडवी रेघ मारायची, वाचता येईल अशी. शेजारी बरोबर काय ते लिहायचं, खाली सही आणि तारीख. चूक झाली होती हेही कळलं पाहिजे आणि ती कुणी निस्तरली हेही. हा नियम मामांनी एकतीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. खात्याच्या साहेबांच्या चिठ्ठ्यांवरही रेघा मारल्या होत्या.

सोमवारी संध्याकाळी ते पाळकांच्या घरी गेले आणि म्हणाले, "तो कागद जरा द्या."

पाळकांनी कपाटातून काढून दिला. मामांनी खिशातली पट्टी लावली, आपल्या सहीवर एक आडवी रेघ मारली, शेजारी लिहिलं, 'हे मला बरोबर वाटत नाही', आणि खाली सही करून तारीख टाकली. मग कागद परत दिला.

पाळकांचा चेहरा उतरला. चिडले नाहीत. "बसा," म्हणाले. "मामा, त्या दिवशी तुम्ही सही केलीत तेव्हाच मला विचित्र वाटलं होतं. आता एवढं तीव्रपणे काय वाटलं तुम्हाला?"

"मला काही वाटत नाही पाळकसाहेब. अकरा महिने काही वाटलेलं नाही. वाटायचं असतं तर तेव्हाच नाही म्हणालो असतो. पण चुकीचं ते चुकीचं, तेवढं कळतं. त्याला वाटावं लागत नाही."

पाळक खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. वळले तेव्हा त्यांच्या आवाजात खणखणीतपणा नव्हता. "मी हट्टी आहे असं लोकांना वाटतं. मला भीती वाटते, मामा. पहिल्या पानावरचा दिवस जर दिवस नसेल, तर शेवटच्या दिवशी मेलेले उठतील म्हणतो आपण, तो तरी दिवस आहे का? दर आठवड्याला मी कुणाला तरी पुरतो आणि त्यांच्या माणसांना तो दिवस सांगतो. एक वीट काढली की भिंत कुठे थांबेल सांगा."

हा मुद्दा मामींनी कधी काढला नव्हता, त्यांनीही नाही. दोघं जिवंत असताना त्याची गरजच पडली नव्हती. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. मिनिटकाटा दोनदा सरकला.

"तो दिवस किती लांबीचा असेल ते मला माहीत नाही," ते शेवटी म्हणाले. "लांब असला तरी चालेल. ती उठली म्हणजे झालं. ती काही तास मोजायची नाही, ते तिनं कामावर पुष्कळ मोजले."

मामांनी पट्टी खिशात घातली आणि ते उठले.

पुढच्या आठवड्यात पत्र आलं. सौम्य भाषेत होतं. मामांच्या अनेक वर्षांच्या सेवेबद्दल आभार, आणि मुलांची शाळा आता दुसरे कुणी घेतील. पंच म्हणूनही त्यांनी काही काळ विश्रांती घ्यावी. मामा रविवारी जाऊन मागून तिसऱ्या बाकावर बसले. काहींनी मुद्दाम हात मिळवले, काहींनी मुद्दाम छपराकडे पाहिलं. मामांनी गाणी म्हटली, दान टाकलं, घरी आले. अंडी उकडली.

दोन आठवड्यांनी एका दुपारी पाळक कोठीच्या दारात उभे दिसले. बुटांना धूळ लागली होती; थांब्यापासून चालत आले होते.

"बघायचं होतं," ते म्हणाले. "तुम्ही काय बघता ते."

मामांनी एका चारशे मीटरच्या भोकाच्या पेट्या ओळीनं जमिनीवर मांडल्या आणि पाणी फवारायची बाटली हातात दिली. पाळक वाकून वाकून पेटीपेटीशी जात होते, फवारत होते, रंग वर येताना बघत होते. वाळू, कोळसा, त्यात पानाचा ठसा, मग लाल दगड, मग पुन्हा समुद्राचा चुना.

"यात शास्त्रातला जलप्रलय कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"पूर आहेत पुष्कळ. इथे एक, इथे एक, हा मोठा. सगळीकडे मिळून एक असा नाही सापडला."

"तुम्ही शोधलात?"

"दोन वर्षं."

मग मामांनी तळ्याच्या मातीची कांडी प्लास्टिकमधून सोडवून टेबलावर ठेवली आणि भिंग पुढे सरकवलं. पाळकांनी कोट काढला. तासभर मोजत होते, ओठ हलवत. तीनशे चाळीसला डोळ्यांत पाणी आलं म्हणून थांबले.

"माझं मत बदललेलं नाही," भिंग खाली ठेवत ते म्हणाले.

"मी ते बदलायला बोलावलं नव्हतं."

"शाळाही परत देता येणार नाही मला. मला स्वतःला आधी कुठेतरी उभं राहिलं पाहिजे."

"बरं."

पाळकांनी कोट घातला, पण निघाले नाहीत. एका रिकाम्या पेटीवर बसले. "मामा, मी आलो तेव्हा मामी गेलेल्या होत्या. मी कधी विचारलंच नाही. काय झालं होतं त्यांना?"

अकरा महिने, आता बारावा, लोकांनी मामांना धीर धरा म्हटलं होतं, प्रभूची इच्छा म्हटलं होतं, जेवलात का विचारलं होतं. हे कुणी विचारलं नव्हतं, कारण बाकी सगळ्यांना ठाऊक होतं. मामांनी सांगायला सुरुवात केली. वरून खाली, जसं घडलं तसं. सकाळी किती वाजता घरातून निघाली. त्या पाळीत तिनं दोन बाळंतपणं केली, दुसरं पायाळू होतं. चार वाजून दहा मिनिटांनी बूट. पहिल्या दिवशी उजवा हात हलत होता. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, वाट बघू. चौथ्या दिवशी मी तोंड धुवायला गेलो.

"मी तोंड धुवायला गेलो," मामा पुन्हा म्हणाले. त्यानंतरचं वाक्य आलं नाही. त्यांनी दोनदा प्रयत्न केला. पाळकांनी मध्ये शब्द घातला नाही, आणि त्याबद्दल मामा त्यांना पुढे बरं म्हणत राहिले. वर पत्रा उन्हानं कडकडत होता. मग मामा उठले आणि पेट्या परत फळीवर चढवू लागले. पाळकांनी दुसरं टोक धरलं.

मामींच्या कबरीवर अजून दगड बसवला नव्हता. एवढे दगड हाताखालून गेलेला माणूस, पण त्यांनी तो विषयच काढला नव्हता. वर्ष पुरं व्हायला आलं तेव्हा मुलगी रजा काढून आली. सहीवर रेघ मारल्याचं तिला फोनवर कळलं होतं. त्यावर ती फक्त "बरं केलंत" म्हणाली होती आणि बोलत राहिली होती. दोघं दगडकाम करणाऱ्याकडे गेले. त्यानं पाच-सहा नमुने दाखवले. मामांनी हात फिरवला, नखानं एक-दोन ठिकाणी टोकरलं आणि काळसर, बारीक कणांचा एक निवडला.

"नाव, दोन तारखा, आणि?" कारागिरानं विचारलं. "एखादी ओळ टाकतात लोक."

मुलीनं बापाकडे पाहिलं.

"सुईण होती असं लिहा," मामा म्हणाले.

दगड बसवायच्या दिवशी पाळक आले, प्रार्थना केली, लवकरच आवरती घेतली आणि दोघांना एकटं सोडून फाटकापाशी जाऊन उभे राहिले. मुलगी मातीवर बसली होती. मामा उभे होते, दगड ओळंब्यात आहे का ते एक डोळा मिटून बघत. ती रडून झाल्यावर नाक पुसत म्हणाली, "बाबा, तुम्हाला काही वाटतंय का हो?"

मामांनी खरोखर विचार केला. "थोडं," ते म्हणाले. "पाय दुखतायत."

"मग बसा ना."

ते तिच्या शेजारी बसले. तिनं आपली ओढणी घडी करून त्यांच्याखाली सरकवली, कारण माती ओली होती.